परतलेल्या बँडला वाजवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका स्वतंत्र रॉक बँडच्या स्वगृही झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तांत वाचला. छायाचित्र ठळक होते, मथळा भावपूर्ण होता, आणि बँडमधल्या चौघांच्या शाळा-महाविद्यालयांची, आईवडिलांच्या डोळ्यांत आलेल्या पाण्याची आणि मंचावर उपस्थित असलेल्या मान्यवरांची माहिती त्यात अगदी सविस्तर आली होती. त्या संध्याकाळी बँडने वाजवले काय, एवढेच तेवढे राहून गेले होते. एकाही गाण्याचा उल्लेख नाही, नव्या अल्बमविषयी एक वाक्य नाही, गायिकेचा आवाज कसा लागला याविषयी अवाक्षर नाही, आणि त्यांच्याआधी अर्धा तास वाजवून गेलेल्या तरुण बँडचे तर नावसुद्धा नाही. बातमीदाराला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण परतलेल्या कलावंताकडे आपण सगळेच याच नजरेने पाहतो. तो गाण्यासाठी आला आहे हे विसरून तो आला आहे याचाच सोहळा करतो, आणि त्या सोहळ्याची किंमत बहुतेक वेळा त्यालाच चुकवावी लागते. हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी वादक नाही. गेली अनेक वर्षे लहान आणि मध्यम सभागृहांत साउंडचे काम करतो. मिक्सरमागे, म्हणजे सगळे आवाज जुळवण्याच्या यंत्रामागे, उभ्या असलेल्या माणसाला मंच आणि प्रेक्षक हे दोन्ही एकाच वेळी दिसत असतात, आणि कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळताना हिशेबाच्या गोष्टीही त्याच्या कानावर पडत असतात.

आधी 'स्वतंत्र' या शब्दाविषयी, कारण गिटार, विस्कटलेले केस आणि उदास शब्द असले की संगीत 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, झाले, असा एक समज आहे. स्वतंत्र ही शैली नव्हे, तो व्यवहार आहे. ज्याच्या मागे मोठी संगीत कंपनी नाही, ज्याच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क त्याच्या स्वतःकडे किंवा एखाद्या छोट्या कंपनीकडे आहेत, ज्याने स्टुडिओचे भाडे, मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठ, गाडी आणि दौऱ्यातला मुक्काम यांचा खर्च स्वतःच्या जोखमीवर केला आहे, तो स्वतंत्र. मग तो खोलीत बसून संगणकावर पॉप गाणी रचणारा एकटा गायक असेल किंवा पाच जणांचा कर्कश रॉक बँड असेल. अशा कलावंताला ऐकण्याच्या ॲपवरून मिळणारे पैसे किती तुटपुंजे असतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. स्पॉटिफायने तर २०२४पासून असा नियमच केला की, मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या गाण्याचा मोबदला दिला जाणार नाही. त्यामुळे त्याची मुख्य कमाई उरते ती प्रत्यक्ष कार्यक्रमाची, आणि कार्यक्रमाच्या जागी विकल्या जाणाऱ्या टी-शर्ट, सीडी आणि रेकॉर्डची. त्या टेबलावरच्या विक्रीतूनही काही सभागृहे वाटा मागतात. ब्रिटनमधल्या 'फीचर्ड आर्टिस्ट्स कोअॅलिशन' या कलावंतांच्या संघटनेने २०२२च्या जानेवारीत असा वाटा न मागणाऱ्या जागांची यादीच जाहीर करायला घेतली, यावरून ही तक्रार किती जुनी आणि किती सार्वत्रिक असेल, याची कल्पना यावी.

कार्यक्रमाचे मानधन साधारणपणे दोन प्रकारे ठरते. एक म्हणजे ठरावीक रक्कम, जिला या व्यवसायात 'गॅरंटी' म्हणतात, आणि दुसरा म्हणजे दारावर जमलेल्या तिकिटांच्या पैशांतला हिस्सा. लहान जागी आणि कमी ओळखीच्या बँडसाठी बहुधा दुसराच प्रकार चालतो. आता गंमत अशी की, परक्या ठिकाणी तिकीट काढणारा माणूस अनोळखी असतो आणि म्हणून मुकाट्याने पैसे देतो. घरी मात्र सगळेच ओळखीचे. बालमित्र, शिक्षक, शेजारी, चुलत-मावस भावंडे, पहिली गिटार उधार देणारा दुकानदार आणि त्या दुकानदाराचे पाहुणे अशा सगळ्यांना पास हवे असतात, आणि पास न देणाऱ्यावर 'मोठा झाला, विसरला' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. मानधन तिकिटांवर ठरलेले असेल, तर प्रत्येक पास बँडच्या खिशातून जातो, हे पास मागणाऱ्याच्या मनातही नसते. माझ्या पाहण्यात असा बँड आहे, ज्याने दौऱ्यातल्या नऊ कार्यक्रमांपैकी आठांत थोडेफार कमावले आणि नवव्यात, म्हणजे घरच्या कार्यक्रमात, पदरचे घातले.

त्याच बँडच्या त्या रात्रीविषयी सांगतो. सुमारे चारशे खुर्च्यांचे सभागृह होते आणि दुपारी चार वाजता साउंडचेक ठरला होता. आम्ही ड्रमचे माइक लावले, प्रत्येकाच्या पुढ्यात मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे म्हणून असलेले स्पीकर, ठेवले, जमिनीवर टेपने खुणा केल्या आणि दोन गाण्यांत ध्वनी बऱ्यापैकी जमवला. रिकाम्या सभागृहात जमवलेला ध्वनी भरलेल्या सभागृहात तसाच राहत नाही. माणसांची शरीरे आणि कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, घुमारा कमी होतो, म्हणून थोडा अंदाज बांधूनच सगळे ठेवावे लागते. साडेपाच वाजता यजमान संस्थेचे लोक सोफे घेऊन आले. सत्कार असल्याचे बँडला आदल्या दिवशी कळवले होते, पण त्यासाठी ड्रम मीटरभर मागे सरकवावे लागतील आणि गिटारचे ॲम्प, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारी यंत्रे, पडद्याआड जातील, हे कोणी सांगितले नव्हते. दीड तासाची मेहनत पंधरा मिनिटांत मोडली. पंधरा मिनिटांसाठी ठरलेला सत्कार पन्नास मिनिटे चालला. पाच वक्ते बोलले आणि त्यांतल्या तिघांनी सुरुवातीलाच मान्य केले की, या मुलांचे संगीत आपल्याला कळत नाही. सभागृह दहा वाजता बंद करावे लागत असल्याने व्यवस्थापक पावणेदहापासून विजेच्या मुख्य बटणाशेजारी उभा होता. सोळा गाण्यांच्या यादीतली नऊ वाजली. ज्या नव्या अल्बमसाठी त्यांनी दोन महिने तालीम केली होती, त्यातले एकच वाजले. निघताना गिटारवाल्याने माझ्याकडे त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण मागितले. ते मी दिले. त्यातली भाषणे फार स्वच्छ मुद्रित झाली आहेत.

यजमानांची भावना खरी होती, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना मनापासून अभिमान वाटत होता. पण त्यांना वाटणाऱ्या अभिमानात ऐकण्याला जागा नव्हती.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण आठवते. कॅनडातल्या 'द ट्रॅजिकली हिप' या बँडला स्वतंत्र म्हणता येणार नाही, त्यांच्या मागे मोठी कंपनी होती. पण घरी परतून वाजवणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. त्यांचे गायक गॉर्ड डाउनी यांना मेंदूचा असाध्य कर्करोग झाल्याचे जाहीर झाल्यावर बँडने एक दौरा केला आणि त्याचा शेवट २० ऑगस्ट २०१६ रोजी ज्या किंग्स्टनमध्ये बँड जन्मला तिथेच केला. कार्यक्रम राष्ट्रीय वाहिनीने जाहिरातींशिवाय थेट दाखवला आणि सुमारे १ कोटी १७ लाख लोकांनी, म्हणजे देशाच्या जवळजवळ एक-तृतीयांश लोकसंख्येने, तो पाहिला. देशाचे पंतप्रधान तिथे हजर होते, पण ते प्रेक्षकांत होते. ते मंचावरून बोलले नाहीत, उलट मंचावरून डाउनीच त्यांच्याशी बोलले, आणि तेही देशातल्या मूळ रहिवाशांच्या प्रश्नावर. बाकी सगळा वेळ गाण्यांचा होता. निरोपाच्या रात्रीसुद्धा बँड तीन वेळा परत मंचावर येऊन वाजवत राहिला. भावनेला तोटा नव्हता, पण ती गाण्यातून वाहत होती.

विनामूल्य कार्यक्रमांविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपल्या वृत्तांतात 'घरच्यांसाठी प्रवेश विनामूल्य ठेवून बँडने ऋण फेडले' असे कौतुकाने म्हटले आहे. विनामूल्य वाजवण्यात गैर काहीच नाही, पण तो निर्णय कोणाचा, हे महत्त्वाचे. आइसलँडच्या सिगुर रोस या बँडची सुरुवात स्मेकलेसा नावाच्या छोट्या स्वतंत्र कंपनीतून झाली. जगभराचा दौरा संपवून २००६च्या उन्हाळ्यात ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांनी देशभर विनामूल्य आणि बरेचसे आगाऊ न जाहीर केलेले कार्यक्रम केले. कुठे वाजवायचे हे त्यांनीच ठरवले. राजधानी रेक्याविकमधल्या मोठ्या मैदानाबरोबरच छोटी खेडी होती, आणि ड्यूपाविक इथला हेरिंग मासळीचा बंद पडलेला जुना कारखानाही होता. पुढच्या वर्षी त्यावर जो चित्रपट आला, त्याचे नाव 'हेइमा', म्हणजे 'घरी'. तो पाहताना जाणवते ते हे की, त्यात बँड घराला काही परत देण्याच्या अविर्भावात नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या लहान मुलांसमोर, म्हाताऱ्या माणसांसमोर ते आपले नेहमीचे संथ, लांबलचक संगीत कोणतीही सवलत न देता वाजवतात. तो खर्च जगभरच्या दौऱ्यानंतर त्यांना झेपणारा होता आणि त्यांनी तो स्वखुशीने केला. कर्ज काढून पहिला अल्बम काढलेल्या बँडकडून तीच अपेक्षा धरणे म्हणजे पाहुणचार पाहुण्याच्याच पैशाने करण्यासारखे आहे.

वॉशिंग्टनच्या फुगाझीची रीत मला याहूनही आवडते. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८०मध्ये सुरू केलेल्या डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या कंपनीचा हा बँड. तिकीट शक्यतो पाच डॉलर आणि प्रवेश सर्व वयांच्या श्रोत्यांना, हा त्यांचा नियम घरी आणि बाहेर सारखाच होता. त्यासोबत आपल्याच शहरातल्या फोर्ट रीनो या उद्यानात ते उन्हाळ्यात विनामूल्यही वाजवत. म्हणजे घरासाठी वेगळे काही करायचे, तर ते आपण होऊन आणि उघड्यावर, सर्वांसाठी सारखेच. ओळखीवर मिळणारा पास आणि सर्वांना मोकळे असलेले मैदान यांत केवढा फरक आहे! त्यांनी आपल्या ८००हून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे सांभाळून ठेवली आणि २०११पासून ती लोकांसाठी खुली केली, हे माझ्या पेशामुळे मला अधिक मोलाचे वाटते. कोणत्या रात्री काय वाजले, हे तिथे आजही ऐकता येते. आपल्याकडचे वृत्तांत पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कोणाकोणाचा सत्कार झाला, तेवढेच कळेल.

परतणाऱ्याच्या मनाचा आणखी एक पदर असतो, जो बाहेरून दिसत नाही. इंटरनेटवर ऐकल्या जाणाऱ्या संगीताला गाव नसते. आपले श्रोते कोणत्या शहरांत किती आहेत, हे आज प्रत्येक कलावंताला ॲपवर दिसते, आणि पुष्कळदा असे दिसते की, आपले गाव त्या यादीत पहिल्या दहांतही नाही. दूरच्या, भाषाही न कळणाऱ्या शहरात दोनशे लोक शब्दांसकट गाणे म्हणतात, आणि घरी चारशे लोक कौतुकाने पाहत असतात, पण एकालाही दुसरे कडवे माहीत नसते. हा फरक मिक्सरमागून स्पष्ट ऐकू येतो. गाणे सुरू झाल्यावर होणारा टाळ्यांचा आवाज आणि ओळखीचा माणूस दिसल्यावर होणारा टाळ्यांचा आवाज यांची जात वेगळी असते. मग प्रेक्षकांतून पहिल्या-वहिल्या गाण्याची फर्माईश येते, कारण ते एकच त्यांनी महाविद्यालयात असताना ऐकलेले असते. एकोणिसाव्या वर्षी लिहिलेले, आता स्वतःलाच कच्चे वाटणारे ते गाणे तिशी ओलांडलेला गायक हसऱ्या चेहऱ्याने म्हणतो. एखाद्या वेळी त्यात बिघडत काही नाही, पण त्यानंतरची बारा वर्षे ऐकायला कोणी तयार नसणे हे क्लेशदायक असते.

माझा राग भावनेवर नाही, हे सांगण्यासाठी दुसऱ्या एका रात्रीची गोष्ट सांगतो. बँडचा जुना ड्रमर नोकरीसाठी बँड सोडून गेला होता आणि प्रेक्षकांत मागच्या ओळीत बसला होता. गायिकेने त्याला ओळखले आणि एका गाण्यासाठी वर बोलावले. तो डावखुरा. डावखुऱ्या ड्रमरसाठी हाय-हॅट, राइड या झांजा, फ्लोअर टॉम हा मोठा ड्रम असे सगळे उलट बाजूला न्यावे लागते आणि त्यांच्यासोबत माइकही हलवावे लागतात. गाण्यांच्या मध्ये हे करणे म्हणजे आम्हा साउंडवाल्यांची परीक्षाच असते. सात-आठ मिनिटे प्रेक्षक शांत बसून ते पाहत होते, कोणी उठले नाही, कोणी बोलायला माइक मागितला नाही. मग त्याने वाजवले, सुरुवातीला जरा अडखळत आणि दुसऱ्या कडव्यापासून असे की, नवा ड्रमर विंगेत उभा राहून मान डोलवू लागला. त्या कार्यक्रमात एकही भाषण झाले नाही, आणि तरीही स्वगृही परतणे म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळले तसे पुन्हा कधी कळले नाही.

करारांतली एक बारीक अट मात्र वाचकांना ठाऊक नसते. मोठे महोत्सव आपल्या करारात बऱ्याचदा अशी अट घालतात की, महोत्सवाच्या आधी आणि नंतर ठरावीक काळ, ठरावीक अंतराच्या आत कलावंताने दुसरीकडे वाजवू नये. घर त्या परिघात आले, तर घरचा कार्यक्रम आपोआप बारगळतो. 'महोत्सवाला येतो, पण आपल्या गावात वाजवत नाही' असा राग धरण्याआधी ही शक्यताही ध्यानात घ्यावी.

आणि काही वेळा घरच दार लावून घेते. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात २००८मध्ये जमलेल्या मश्रू लैला या बँडला लेबनॉनच्या बाहेर पुष्कळ मान मिळाला, पण ९ ऑगस्ट २०१९ रोजी मायदेशी बिब्लॉसच्या महोत्सवात ठरलेला त्यांचा कार्यक्रम धार्मिक गटांच्या विरोधामुळे आणि धमक्यांमुळे आयोजकांनी रद्द केला. कारण दिले गेले ते रक्तपात टाळण्याचे. २०२२मध्ये तो बँडच विसर्जित झाला. सत्काराच्या सोफ्यांविषयी तक्रार करताना हे विसरता येत नाही. भाषणे ऐकावी लागणारा बँड निदान मंचापर्यंत पोचलेला असतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. बँड परत येतो, पण तो जिथून निघाला ती खोली, म्हणजे ती वाजवण्याची छोटी जागा, शिल्लक असते का? शेफील्ड या इंग्लंडमधल्या शहराचे उदाहरण घेतो, कारण तिथे ही गोष्ट फार उघडपणे घडली. तिथल्या आर्क्टिक मंकीज या मुलांनी कार्यक्रमांत आपल्या गाण्यांच्या सीडी फुकट वाटल्या आणि श्रोत्यांनी ती गाणी इंटरनेटवर पसरवली. डॉमिनो या स्वतंत्र कंपनीने काढलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या जानेवारी २००६मध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. त्यांचा गायक अॅलेक्स टर्नर पूर्वी त्याच शहरातल्या बोर्डवॉक नावाच्या जागी बारमागे काम करत असे, आणि बँड तिथे वाजवतही असे. जून २०२३मध्ये हे लोक घरी परतले, तेव्हा हिल्सबरो पार्कच्या मैदानात लागोपाठ दोन दिवस अलोट गर्दीसमोर वाजवले. बोर्डवॉक मात्र २०१०मध्येच बंद पडले होते. १९८०पासून चालत आलेल्या आणि पल्पसारख्या बँडांच्या सुरुवातीच्या दिवसांची साक्षीदार असलेल्या शेफील्डमधल्याच लेडमिल या जागेसाठी आर्क्टिक मंकीजने २०२०मध्ये टर्नरची जुनी गिटार सोडतीत ठेवली आणि त्यातून लेडमिल आणि इतर लहान जागांसाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी उभा राहिला. कोविडच्या साथीच्या वर्षात लेडमिलने तग धरला, पण पुढे जागेच्या मालकाशी सुरू असलेल्या वादात न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जून २०२५मध्ये इतकी वर्षे ती जागा चालवणाऱ्यांना तिथला शेवटचा कार्यक्रम करून बाहेर पडावे लागले.

हे एका शहराचे दुर्दैव नाही. ब्रिटनमधल्या छोट्या जागांसाठी २०१४पासून काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या हिशेबाप्रमाणे २०२३ या एका वर्षात तिथल्या अशा १२५ जागांमधले संगीत थांबले आणि उरलेल्यांचा सरासरी नफा अर्धा टक्का होता. अर्धा टक्का म्हणजे एक ॲम्प जळाला की, महिना तोट्यात. दीडशे-दोनशे माणसांच्या या खोल्या हीच या संगीताची शाळा असते. आवाज फाटला तर काय करायचे, तार तुटली तर गप्पा मारून वेळ कसा काढायचा, बारा लोकांसमोरही जीव तोडून कसे वाजवायचे, हे तिथेच शिकता येते. कोणताही बँड थेट चारशे खुर्च्यांपर्यंत येत नसतो.

यावर इतर देशांत काही उपाय झाले आहेत आणि ते अव्यवहार्य नाहीत. फ्रान्समध्ये संगीत कार्यक्रमांच्या तिकिटांवर साडेतीन टक्के कर आहे आणि तो पैसा २०२०पासून राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत याच क्षेत्राला परत मिळतो, म्हणजे मोठ्या मैदानातल्या तिकिटाचा एक तुकडा छोट्या खोलीपर्यंत पोचतो. ब्रिटनमध्ये संसदेच्या समितीने मे २०२४मध्ये मोठ्या रंगमंचांच्या आणि मैदानांच्या तिकिटांवर असाच स्वेच्छा हिस्सा घ्यावा, अशी शिफारस केली आणि त्याच वर्षी सरकारनेही तिला पाठिंबा दिला. स्वेच्छेवर सोडलेली गोष्ट किती दूर जाते याविषयी मला शंका आहे, पण सुरुवात म्हणून ठीक. आवाजाच्या तक्रारींसाठी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४मध्ये आणि इंग्लंडने २०१८मध्ये नियोजनाच्या नियमांत असे तत्त्व आणले की, संगीताच्या जुन्या जागेशेजारी जो नंतर घरे बांधेल, आवाज अडवण्याची व्यवस्था त्यानेच करायची. हे तत्त्व मला विशेष न्याय्य वाटते. वाजवणारा आधी तिथे होता, हे निदान कागदावर मान्य होते. आणि कलावंत स्वतःही काही करू शकतात. आइसलँडच्याच शुगरक्यूब्ज या बँडने १७ नोव्हेंबर २००६ रोजी रेक्याविकमध्ये एकाच रात्रीसाठी पुन्हा एकत्र येऊन कार्यक्रम केला, तेव्हा त्याचा नफा त्याच स्मेकलेसाला दिला, जी कंपनी त्यांच्याच लोकांनी १९८६मध्ये सुरू केली होती आणि जी पुढच्या पिढीची रेकॉर्ड काढत होती. स्मेकलेसा या शब्दाचा अर्थ 'अभिरुचीचा अभाव' असा आहे, हे जाता जाता सांगतो. सत्कार समितीला या नावावर भाषण करणे जरा अवघड गेले असते.

संपादक महाशय, कर आणि नियोजनाचे नियम आपल्या हातात नाहीत, पण काही गोष्टी नक्कीच आहेत. परतणाऱ्या बँडच्या कार्यक्रमाला शक्यतो संगीत ऐकणारा बातमीदार पाठवावा आणि त्याने मध्यंतरात छायाचित्र घेऊन निघून न जाता शेवटचे गाणे ऐकावे. त्याने तिकीट काढले तर उत्तमच. मुलाखतीत 'घरी परतून कसे वाटते' या प्रश्नाऐवजी नवे गाणे कसे रचले, ध्वनिमुद्रण कुठे केले, बासवादक का बदलला असे विचारून पाहावे. उत्तरे लांब येतील. नाटक-सिनेमाच्या जाहिरातींशेजारी आठवड्यातल्या छोट्या संगीत कार्यक्रमांची चार ओळींची यादी विनामूल्य छापता येईल. पन्नास तिकिटे जास्त खपली, तरी अशा खोलीच्या त्या रात्रीच्या हिशेबात फरक पडतो. आयोजकांना माझी विनंती एवढीच की, सत्कार करायचाच असेल, तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी, वेगळ्या जागी करावा आणि आदल्या संध्याकाळी मंचावर सोफा आणू नये. पासांची संख्या करारातच लिहावी आणि त्यांची किंमत यजमानाने सोसावी.

राहता राहिला आपल्या वृत्तांतातला त्या आधी वाजवलेल्या बँडचा प्रश्न. तीन मुलगे आणि एक मुलगी, सगळी विशीच्या आतली. त्यांनी पाच गाणी वाजवली, त्यांतली चार त्यांची स्वतःची होती, आणि तिसऱ्या गाण्यात मुलीच्या बासचा आवाज माझ्या चुकीमुळे पहिली काही सेकंदे आलाच नाही, तरी ती न थांबता वाजवत राहिली. त्या रात्री मिक्सरमागे मीच होतो. त्यांच्या बँडचे नाव मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवत आहे. शुद्धिपत्राच्या चौकटीत एका ओळीपुरती जागा असेल, तर ते छापावे.

आपला,
एक ध्वनिसंयोजक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)